दानाचा पत्ता : शिलालेखापासून लोकेशनपर्यंत

 

सेवाभावी संस्था समाजमाध्यमांवर 'लोकेशन' वापरून माणसं कशी जोडतात, हा आजचा विषय. इतिहासाच्या व्याख्यानाला हा विषय कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. हा तर कालपरवाचा प्रकार! आमचं म्हणणं असं, की यातला फोन तेवढा कालपरवाचा आहे. दान आणि ठिकाण यांची गाठ आपल्याकडे आठशे वर्षांपूर्वीच्या दगडांवर कोरलेली सापडते. आणि त्या दगडांवर एक गोष्ट लिहिलेली असते, जी आजच्या फोनवर सहसा सापडत नाही. ती कोणती, तेच आज पाहायचं आहे.

आधी नवं काय ते समजून घेऊ. आपण कुठे आहोत हे फोनला उपग्रहांवरून कळतं. ते ठिकाण चारचौघांत जाहीर करायचं, याला 'चेक-इन' म्हणतात. २००९ साली अमेरिकेत फोरस्क्वेअर नावाचं अ‍ॅप आलं. हॉटेलात, वाचनालयात, स्टेशनवर पोचलं की तशी नोंद करायची. एखाद्या जागी जो सर्वांत जास्त वेळा येईल तो तिथला 'मेयर'. आपल्याकडे चहाच्या टपरीवर रोजचं गिऱ्हाईक असतं, त्याला बसायला बाकडं आधी मिळतं, तसलाच मान. पुढच्याच वर्षी फेसबुकनं 'प्लेसेस' आणलं.

सेवाभावी संस्थांच्या हे लगेच लक्षात आलं. पर्यावरणाचे खटले लढवणारी अर्थजस्टिस ही अमेरिकन संस्था घ्या. २०१० मध्ये तिनं सॅन फ्रान्सिस्को भागातल्या बार्ट रेल्वेच्या स्टेशनांवर जाहिराती लावल्या. जाहिरातीपाशी उभं राहून फोरस्क्वेअरवर चेक-इन करा, प्रत्येक चेक-इनमागे एक देणगीदार १० डॉलर देईल, अशी ती योजना. बघा, प्रवाशाच्या खिशातून एक पैसा जात नव्हता. तो तिथे आहे, एवढ्याचीच किंमत धरली होती. नुसतं हजर असणं हीसुद्धा देणगी ठरू शकते का? हा प्रश्न जरा बाजूला ठेवा, त्याकडे परत यायचं आहे.

दुसरं उदाहरण अधिक गंभीर. २००८ च्या जानेवारीत केनियात निवडणुकीनंतर दंगली पेटल्या. तेव्हा तिथल्या काही तरुण मंडळींनी एक संकेतस्थळ उभं केलं. कुठे काय घडलं हे लोकांनी कळवायचं, आणि प्रत्येक घटना नकाशावर त्या-त्या ठिकाणी दिसायची. नाव ठेवलं 'उशाहिदी'. स्वाहिली भाषेत त्याचा अर्थ साक्ष. दोन वर्षांनी, जानेवारी २०१० मध्ये, हैतीत भूकंप झाला तेव्हा हीच पद्धत मदतकार्याला उपयोगी पडली. कोण कुठे अडकलंय, कुठे पाणी हवंय, हे नकाशावर दिसू लागलं. साक्ष हा शब्द लक्षात ठेवा. आपले जुने दानलेखही साक्षीचेच लेख आहेत.

आता मागे जाऊ. चाळीसगावजवळ पाटण नावाचं गाव आहे. तिथे यादवकाळातला, शके ११२८ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्याला दान दिलं, त्याची ही नोंद. लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे. पण मठ रोज चालणार कसा, हे सांगायची वेळ आली की लेख चक्क मराठीत बोलू लागतो. कारण ते गावातल्या माणसांना कळायला हवं होतं! बाजारातल्या मालावर मठाचा वाटा किती, प्रत्येक तेलघाण्यामागे मठाला किती पळी तेल, असा तो हिशेब आहे. दात्याचं औदार्य देवभाषेत आणि दिव्याच्या तेलाची तजवीज लोकभाषेत, अशी ही विभागणी आहे.

दुसरा दगड पंढरपूरचा. विठ्ठलाच्या देवळातला 'चौऱ्याऐंशीचा लेख'. शके ११९५ ते ११९९, म्हणजे इसवी सन १२७३ ते १२७७ या काळातला. रामदेवराव यादवाचा काळ. लेखात हेमाद्री पंडिताचंही नाव येतं. या लेखात आहे काय? देवळाला कुणी किती दिलं याची यादी. राजाचं नाव आहे आणि साध्या भक्तांचीही आहेत. आजच्या भाषेत, ही लोकवर्गणीची यादी आहे. पुढे लोकांचा समज झाला की या शिळेला पाठ घासली की चौऱ्याऐंशीचा फेरा चुकतो. पाठी घासून घासून अक्षरं झिजली. देणाऱ्याचं नाव पुसत गेलं आणि देऊळ राहिलं. आम्हाला यात काही वाईट वाटत नाही.

तुमच्या गावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आठवा. बहुतेक गावांचा असतो. त्यात निम्मी माणसं गावात राहतात, आणि निम्मी पुण्याला, मुंबईला, हैदराबादला. मंदिराचा जीर्णोद्धार निघाला, शाळेला खोली हवी असली, की एक यादी फिरू लागते. अनुक्रमांक, नाव, रक्कम. प्रत्येकानं आपलं नाव खाली जोडायचं आणि यादी पुन्हा टाकायची. चौऱ्याऐंशीच्या लेखाचा हा सख्खा वारस. चेक-इन वगैरे अमेरिकेत ठीक. आपल्या भागातलं ठिकाणाला धरून चालणारं खरं समाजमाध्यम म्हणजे गावाच्या नावाचा हा ग्रुप. त्यातल्या माणसाला जोडणारं एकच सूत्र असतं : त्याचं गाव.

तिसरा दगड तुम्ही शेताच्या बांधावर, वेशीपाशी पाहिला असेल. गद्धेगाळ. वर चंद्र-सूर्य, खाली गाढवाचं अश्लील चित्र. चंद्र-सूर्य म्हणजे हे दान आकाशात चंद्र-सूर्य असेपर्यंतचं. आणि खालचं चित्र म्हणजे दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी. सभ्य माणसं नजर वळवतात, पण त्या दगडाचं काम फार सभ्य होतं. दान दिल्यावर ते मोडायला माणसं टपलेली असतात, हे जुन्या लोकांना पक्कं ठाऊक होतं, आणि त्यांनी त्याचा बंदोबस्त त्याच जागेवर करून ठेवला.

हे तीन दगड एकत्र वाचले की जुन्या दानाचे तीन भाग दिसतात. पहिला, जागा : हे दान इथलं आहे. दुसरा, साक्ष : कुणी दिलं, कुणासमोर दिलं. तिसरा, सोय : उद्या, परवा, आम्ही नसताना हे चालणार कसं. जागा, साक्ष, सोय. आजच्या व्याख्यानातलं एवढंच घरी नेलंत तरी पुष्कळ.

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस, तामस असे प्रकार सांगितले आहेत. तिथे चांगल्या दानाची कसोटी लावताना देश, काल आणि पात्र या तीन गोष्टी येतात. 'देश' म्हणजे ठिकाण, आणि ते पहिलं येतं. भाष्यकारांनी त्याचा अर्थ पुण्यक्षेत्र असा केला. वारकरी परंपरेनं आणि पुढच्या समाजसुधारकांनी तो हळूहळू हलवला. जिथे गरज तिथे क्षेत्र, असा अर्थ लोकांच्या वागण्यात आला.

याचा सगळ्यात चांगला दाखला म्हणजे आपल्या भागातल्या बारवा. परभणी जिल्हा बारवांच्या बाबतीत श्रीमंत आहे. पूर्ण्याहून परभणीकडे निघालात की वाटेत पिंगळी लागतं, तिथे बारव आहे. जिंतूर तालुक्यात चारठाणा, सेलू तालुक्यात वालूर. वालूरची बारव तर पायऱ्या चक्राकार उतरत जाणारी, फार दुर्मीळ रचना. वाटसरूला पाणी, जनावराला पाणी, उन्हात थंडावा, कोनाड्यात देव. दात्याला पुण्य आणि गावाला पाणी, दोन्ही एकाच जागी.

अहिल्याबाई होळकरांनी हेच काम देशभर केलं. १७६७ ते १७९५ या कारभाराच्या काळात काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या, आणि हा खर्च मुख्यतः आपल्या 'खासगी'च्या उत्पन्नातून केला. बांधून झाल्यावर पूजेअर्चेला, अन्नछत्राला वर्षासनं नेमून दिली. म्हणजे सोय केली. बाईंचं मोठेपण आम्हाला बांधण्यात दिसतं, पण त्याहून जास्त या नेमणुकांत दिसतं.

मग या बारवांत कचरा कसा आला? याचं सोपं उत्तर 'लोक बिघडले' असं दिलं जातं, ते खोटं आहे. इनामं आणि वतनं गेली, तशी देखभालीची जुनी व्यवस्थाही गेली. बोअर आणि विजेचे पंप आले, नळ आले. आणि एक कारण आजच्या पिढीला माहीतच नाही : नारू. पायातून दोऱ्यासारखा जंत बाहेर पडायचा तो रोग. नारू झालेला माणूस पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालायचा, त्यातून जंताची पिल्लं पाण्यात जायची, आणि तेच पाणी दुसरा प्यायचा. पायऱ्यांच्या विहिरी हे या रोगाचं घर होतं. १९८० च्या दशकात राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा पायऱ्यांच्या विहिरी बंद करणं किंवा त्यांचं आडात रूपांतर करणं हा त्याचा महत्त्वाचा भाग होता. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. माणसं वाचली, बारवा गेल्या. इतिहासात असे सौदे असतात, ते ओळखून बोलावं.

आणखी एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. बारव सगळ्यांसाठी बांधली असं आपण म्हणतो. खरंच सगळ्यांसाठी? २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसं घेऊन पाणी प्यायला जावं लागलं. तळं सार्वजनिक होतं, नगरपालिकेनं ते सर्वांना खुलं केल्याचा ठरावही झाला होता. कागदावर जागा खुली होती, माणसाला मात्र ती बंद होती. म्हणून जुन्या दानाचं गुणगान करताना तोल सांभाळायला हवा. दगडावर जागा होती, साक्ष होती, सोय होती. पात्र कोण, हे मात्र जात ठरवत होती. फोनमधल्या नकाशाला जात विचारता येत नाही, ही त्याची खरी जमेची बाजू आहे. नकाशा रस्ता सगळ्यांना सारखाच दाखवतो. पोचल्यावर कोण आत घेतं, हे अजूनही गावच ठरवतं.

या मधल्या काळात गाडगे महाराज (१८७६ ते १९५६) येऊन गेले. बाबांची पद्धत काय? गावात शिरायचं, बोलायचं नाही, आधी खराटा हातात घ्यायचा. गाव झाडून झालं की संध्याकाळी कीर्तन. म्हणजे आधी जागेला हात लावायचा, मग माणसांना. लोकांनी दिलेल्या पैशातून पंढरपूर, नाशिक अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या, त्या विश्वस्तांच्या हाती दिल्या आणि स्वतः मालक झाले नाहीत. जागा, साक्ष, सोय, तिन्ही आहेत. शिवाय पात्राची व्याख्या बदलली : महारोगी, आंधळा, परगावी दवाखान्यात नातेवाईक घेऊन आलेला गरीब.

आता आमच्या तरुणपणातलं वर्ष, १९७२. समोरच्या वडीलधाऱ्या मंडळींना खडी फोडणं, सुकडी आणि अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी आठवत असेल. ती ज्वारी कुणी पाठवली, ते खाणाऱ्याला ठाऊक नव्हतं. कोण खातंय, ते पिकवणाऱ्याला ठाऊक नव्हतं. देणाऱ्याला घेणाऱ्याचा पत्ता नाही, घेणाऱ्याला देणाऱ्याचा नाही. योगायोग असा, की त्याच १९७२ साली पीटर सिंगर या तत्त्वज्ञाचा एक लेख प्रसिद्ध झाला, तो पूर्व बंगालच्या निर्वासितांविषयी होता. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा : डबक्यात बुडणारं मूल समोर दिसलं तर आपण कपडे भिजण्याची पर्वा न करता त्याला काढतो. मग तेच मूल हजारो मैलांवर उपाशी असलं, तर आपलं कर्तव्य कमी का व्हावं? अंतराला नैतिक किंमत नाही.

हा युक्तिवाद आम्ही वर्षानुवर्षं वर्गात शिकवला आहे, आणि तो खोडणं अवघड आहे. अंतरामुळे कर्तव्य कमी होत नाही हे मान्य. पण अंतरामुळे कळणं कमी होतं. कर्तव्य आणि कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काय द्यावं हे कळायला जागेची माहिती लागते, आणि ती तिथल्या माणसाकडे असते.

१९९३ चा भूकंप घ्या. ३० सप्टेंबरची पहाट, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. सुमारे ८ हजार माणसं गेली. तेव्हा फोनवर नकाशा नव्हता, रेडिओ आणि वर्तमानपत्रं होती. त्यांनी एक नाव उचललं, किल्लारी, आणि साऱ्या जगाची मदत त्या नावाकडे निघाली. तिकडे धाराशिव जिल्ह्यातलं सास्तूर तितकंच उद्ध्वस्त झालं होतं. एका नावाच्या उजेडात शेजारचं गाव अंधारात जातं, हे तेव्हाच दिसलं. पुढे ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. सरकार, जागतिक बँक आणि कितीतरी देणगीदार संस्था त्यात होत्या. घरं पक्की झाली, माणसं वाचतील अशी झाली. पण सरळ रेषेतले रस्ते आणि एकसारख्या घरांच्या ओळी, यात जुन्या वाड्याचं अंगण, गोठा, भावकीची गल्ली कुठे बसवायची? दूरच्या दात्याला घर माहीत होतं, राहणं माहीत नव्हतं.

मग स्मार्टफोन आला. २०१६ चा उन्हाळा आठवा. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. एप्रिलमध्ये आलेल्या पहिल्या गाडीत ५ लाख लिटर पाणी होतं. त्याच उन्हाळ्यात आमिर खान आणि किरण राव यांच्या पानी फाउंडेशननं वॉटर कप स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव हे ३ तालुके आणि ११६ गावं, पहिला आला साताऱ्यातला वेळू. २०१८ पर्यंत ही स्पर्धा २४ जिल्ह्यांतल्या ७५ तालुक्यांत पोचली. आमच्या विषयाच्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे ते २०१८ चं 'जलमित्र'. शहरातल्या माणसानं ऑनलाइन नाव नोंदवायचं, कुठे जायचं ते ठरवायचं, आणि १ मेला, महाराष्ट्र दिनी, त्या गावात जाऊन श्रमदान करायचं. हजारो माणसं गेली. कुदळ धरली, हाताला फोड आले, फोटो काढले, ते टाकले.

फोटो काढले म्हणून त्यांची चेष्टा झाली. ती आम्हाला पटत नाही. चौऱ्याऐंशीच्या लेखात नाव कोरून घेणारे तरी वेगळं काय करत होते? अर्थजस्टिसच्या चेक-इनमध्ये हजर असणं पैशात मोजलं होतं, इथे ते घामात मोजलं गेलं. आणि मुख्य म्हणजे स्पर्धेआधी गावातल्या बायामाणसांना पाणलोटाचं प्रशिक्षण दिलेलं होतं. शहरी पाहुणा एक दिवसाचा मजूर होता, मुकादम गावचाच होता. म्हणून ते काम जमलं.

दुसरी मोहीम बारवांची. मुंबईचे रोहन काळे यांनी २०२० च्या सुमारास महाराष्ट्रातल्या बारवा शोधून नकाशावर आणायला सुरुवात केली. मोटारसायकलवर गावोगाव फिरायचं, आणि समाजमाध्यमांवर लोकांना आवाहन करायचं, की तुमच्या गावची बारव कळवा. हजाराहून अधिक बारवा अशा नकाशावर आल्या. गावोगावच्या तरुणांनी गाळ काढला, महाशिवरात्रीला पायऱ्यांवर दिवे लावले. आपल्या वालूरच्या गावकऱ्यांनीही आपली बारव मोकळी केली. ज्या जागेकडे गाव कचराकुंडी म्हणून बघत होतं, तिचा फोटो परगावच्या माणसांनी वाखाणला, तेव्हा गावाला ती पुन्हा दिसली. साक्षीचं सामर्थ्य असं असतं.

आता या नाण्याची दुसरी बाजू. चार गोष्टी सांगतो.

पहिली, नसलेलं असणं. २०१६ च्या ऑक्टोबरअखेरीस अमेरिकेत स्टँडिंग रॉक इथे तेलवाहिनीविरुद्ध मूलनिवासींचं आंदोलन चाललं होतं. फेसबुकवर अफवा पसरली, की पोलीस चेक-इनवरून आंदोलक शोधताहेत, तेव्हा सगळ्यांनी तिथे चेक-इन करून त्यांना चकवा. पोलिसांनी असं काही करत नसल्याचं सांगितलं. तरीही दहा लाखांहून अधिक माणसं घरबसल्या 'तिथे' पोचली. पाठिंबा म्हणून ठीक. पण त्या थंडीत जी माणसं तंबूत खरोखर राहत होती, तीही त्याच शब्दानं मोजली गेली. अर्थजस्टिसच्या जाहिरातीपाशी निदान स्वतः जाऊन उभं तरी राहावं लागत होतं.

दुसरी, उजेडातलं गाव. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या लोकेशननं कित्येक जीव वाचवले असतील. पण ज्या गावाचं नाव फिरलं आणि ज्याचा रस्ता मोकळा होता, तिथे मदत पुन्हा पुन्हा गेली. आतल्या वस्त्या वाट बघत राहिल्या, आणि नको असलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग साचले. किल्लारी आणि सास्तूरचीच गोष्ट, फक्त वेग वाढला.

तिसरी, घेणाऱ्याचा पत्ता. शिध्याचं पाकीट देताना विधवा बाईचा फोटो, खाली गावाचं नाव. देणाऱ्याचा पत्ता जगाला कळला तर त्याचा मान वाढतो, घेणाऱ्याचा कळला तर त्याचा जातो. जुन्या दानलेखांवर दात्यांची नावं आहेत. बारवेचं पाणी कोण कोण प्यालं याची यादी कुणी कोरली नाही. हा शहाणपणा होता. तोच प्रश्न जुन्या देवळांचा : आडरानातल्या मूर्तीचं नेमकं ठिकाण जाहीर केलं की अभ्यासक येतो, आणि गुप्तधनासाठी खणणाराही येतो.

चौथी आणि सर्वांत मोठी : सोय. चर खोदले की दोन-तीन पावसाळ्यांत गाळानं भरू लागतात. बारव साफ केली की पुढच्या वर्षी पिंपळाची रोपं पुन्हा चिरे फाकवतात. पहिल्या साफसफाईच्या फोटोला हजार लोक दाद देतात. तिसऱ्या वर्षीच्या साफसफाईचा फोटो कोण बघतो? समाजमाध्यमाचं सगळं बळ सुरुवातीला असतं, आणि जागेला माणूस लागतो तो नंतर. पाटणच्या लेखातली तेलाची पळी आजच्या पिनमध्ये नाही. दगडावर लिहिलेली आणि फोनवर न सापडणारी गोष्ट कोणती, असं सुरुवातीला म्हटलं होतं, ती ही.

अ‍ॅपचाही भरवसा नाही. ज्या फोरस्क्वेअरनं हे सगळं सुरू केलं, त्यानं आपलं शहरदर्शनाचं मूळ अ‍ॅप २०२४ च्या अखेरीस बंद केलं. पंधरा वर्षं टिकलं. गद्धेगाळ सात-आठशे वर्षं बांधावर उभा आहे.

मग करायचं काय? तत्त्वज्ञानाचा माणूस उपाय सांगू लागला की लोक घड्याळ बघतात, म्हणून थोडक्यात सांगतो.

गावातली कुठलीही जागा, बारव असो, शाळेची खोली असो, स्मशानभूमीचं शेड असो, नकाशावर टाकाल तेव्हा तिच्याबरोबर चार ओळी टाका. ही जागा कुणाच्या ताब्यात आहे : ग्रामपंचायत, देवस्थान, पुरातत्त्व खातं? वर्षाला देखभालीचा खर्च किती? ती कोण करणार? आणि मागच्या वर्षीचा हिशेब काय? वर्गणीची यादी फिरते तशी खर्चाचीही यादी त्याच ग्रुपवर फिरली पाहिजे. पुण्या-मुंबईच्या गावकऱ्यांनो, एकदाच ५ हजार देण्याऐवजी दर वर्षी ५०० द्या. दहा वर्षांत रक्कम तेवढीच होते, पण दहा वेळा विचाराल, की बारवेचं काय झालं. ते विचारणं हीच देखभाल. गावातल्यांना सांगणं एवढंच, की पाहुण्यानं काय करावं हे तुम्ही ठरवा. आणि घेणाऱ्याचा फोटो, त्याच्या घराचं लोकेशन, त्याला विचारल्याशिवाय टाकू नका. तो हो म्हणाला तरी एकदा विचार करा, कारण हातात पाकीट असताना नाही म्हणणं फार अवघड असतं.

चुडाव्यासारखं गाव नकाशावर एक ठिपका आहे, आणि रेल्वेच्या वेळापत्रकात पूर्णा आणि नांदेड यांच्यामधलं एक नाव. बाहेरच्या माणसाला त्या ठिपक्यापर्यंत आणणं आता सोपं झालं आहे. दान तिथे सुरू होतं. ते टिकवायचं असेल, तर ठिपक्याच्या आत राहणाऱ्या माणसाच्या हातात किल्ली, वही आणि निर्णय असला पाहिजे. पंढरपूरच्या शिळेवरची नावं झिजली तरी देवळात दिवा जळत राहिला, कारण तो लावायला रोज कुणीतरी होतं.

आमचं बोलणं इथे थांबवतो. आता प्रश्न विचारा. आधी मागे बसलेल्या बायकांनी विचारावेत, कारण पाण्याच्या जागेची खबर सगळ्यांत आधी त्यांनाच असते.